बाग, फॅक्टरी आणि तीन मुलं: कोकणातल्या घराने वारसाचे कागद कसे लावावेत

"तिघांना सारखं लिहून टाका, पुढचं ती बघून घेतील." देवगडपासून रत्नागिरीपर्यंत ज्या ज्या घरी मी हे कागद लावायला बसले तिथे हे वाक्य कोणीतरी बोललंच आहे, बहुतेक वेळा एखादे काका, कधी कधी तर वकीलसाहेबसुद्धा. कृपा करून ऐकू नका. माझ्या बाबांनी ऐकलं होतं आणि आमच्या आंब्याच्या कॅनिंगचा एक अख्खा सीझन त्यात गेला, ते पुढे सांगते.

सातबारा, आठ अ, फॅक्टरीची लायसन्सं, कर्जाचे कागद, एफडी, एलआयसी, सगळ्याची यादी तुम्ही केलीच असेल असं धरते. त्या यादीत फक्त एक खूण करा, कुठली जमीन वडिलोपार्जित आणि कुठली स्वकष्टाची. स्वकष्टाची कोणालाही देता येते, पण वडिलोपार्जित जमिनीत वडिलांना मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि बाकीच्यात मुलींचाही मुलांएवढाच हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात नव्हते म्हणून मुलीला काही नाही, असं अजून सांगितलं जातं, ते चूक आहे, सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात हा प्रश्न मिटवलाय.

सातबारा अजून आजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारस नोंद करून घ्या. तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईला आणि काही तर कधीच वारलेली, त्यामुळे वेळ लागतो, म्हणून सुरुवात इथून करा.

आता खरं अवघड काम. धंदा चालवणार कोण आणि मालकी कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्या घरांमध्ये ते एकच समजले जातात.

आमच्याकडे फर्ममध्ये बाबा आणि धाकटा भाऊ असे दोघेच पार्टनर होते. बाबा मार्चमध्ये गेले. दोनच पार्टनर असताना एक गेला की फर्म कायद्यानेच संपते, डीडमध्ये, म्हणजे पार्टनरशिपच्या करारात, काहीही लिहिलेलं असो, कारण एकट्या माणसाची पार्टनरशिप होत नाही. बँकेने सीसी, म्हणजे धंद्याच्या रोजच्या उचलीचं कॅश क्रेडिट खातं थांबवलं. मृत्युपत्रात फॅक्टरी तिघांना समान, म्हणून नवीन डीडमध्ये आम्ही तिघं, आणि मग बँक म्हणाली तिघांनी गॅरंटर म्हणून सही करा. दादा बोरिवलीला नोकरी करतो, तो म्हणाला माझा फ्लॅट मी यात गुंतवणार नाही. चूक होती का त्याची? अजिबात नाही. मीसुद्धा सही करताना अडखळले, कारण ज्या धंद्यात रोज माझं लक्ष नाही त्याचं कर्ज मी का डोक्यावर घ्यायचं. यात मे महिना निघून गेला. कॅनिंगचा आंबा मे-जूनमध्येच येतो, त्यासाठी रोख लागते, आणि धाकट्याने ती गावातून व्याजाने उचलली. तिघांपैकी कोणीच वाईट वागलं नव्हतं, तरी वर्षभर आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही.

त्यानंतर जे शिकले ते आता प्रत्येक घरात हट्टाने करून घेते. फॅक्टरी चालवणाऱ्यालाच द्या. सारखं द्यायचं म्हणजे प्रत्येक वस्तूचे तीन तुकडे करायचे असं नाही, एकाला फॅक्टरी, एकाला मुंबईची जागा आणि एफडी, एकीला बाग, हेही सारखंच होऊ शकतं. फरक उरला तर चालवणाऱ्याने बाकीच्यांना हप्त्याने पैसे द्यायचे, आणि हप्त्याची तारीख पल्पचे पैसे येतात त्यानंतरची ठेवा, एप्रिलची ठेवलीत तर पहिल्याच वर्षी तो चुकणार आणि परत भांडण. वडील हयात असतानाच चालवणाऱ्याला आणि आणखी एकाला पार्टनर करून घ्या, म्हणजे कधीही तीन माणसं आत राहतील. आमच्याकडे धाकट्याची बायको आली, हिशेब तीच बघायची. शिवाय डीडमध्ये लिहा की एक पार्टनर गेला तरी फर्म चालू राहील आणि त्याच्या वारसांना हिशेबाने पैसे मिळतील, हे लिहिलेलं नसेल तर तीन असूनही फर्म संपते. आणि जो धंद्यात नाही त्याने गॅरंटीची सही करायची नाही, मग कोणी कितीही गळ घालो.

एखाद्या घरात सगळ्यांना हिस्सा ठेवायचाच असेल, तर चालवणाऱ्याचा पगार आधी, नफ्याची वाटणी नंतर, आणि बाहेर पडायचा भाव कसा काढायचा ते आजच लिहून ठेवा. कोणालाच पैशाची गरज नसताना जो भाव ठरतो तो न्याय्य असतो.

भाव काढताना दोन चुका नेहमी दिसतात. एक म्हणजे बागेची किंमत रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दराने काढतात, तो स्टँप ड्युटीसाठी असतो, तुमची कलमं किती देतात ते त्याला माहीत नाही. हापूस बहुतेक एका वर्षाआड नीट धरतो, म्हणून निदान पाच सीझनची सरासरी घ्या, मागच्याच वर्षाचा आकडा धरलात तर कोणावर तरी अन्याय होणारच. दुसरी म्हणजे फॅक्टरीच्या किमतीतून कर्ज वजा करायचं विसरतात, आणि मुंबईच्या भावाला वाटतं धाकट्याला घबाड मिळालं.

बैठक गणपतीत घालू नका, सगळे येतात म्हणून लोक तेव्हाच विषय काढतात आणि पाच दिवसांचा सण नासतो. दिवाळी झाली की मोहोर यायच्या आधी एक शनिवार-रविवार काढा. पहिल्या बैठकीला फक्त आई-बाबा आणि मुलं, सुना-जावई दुसऱ्या बैठकीला.

बहिणींबद्दल मी गप्प बसणार नाही. बाराव्या-तेराव्याला ताईसमोर हक्कसोडपत्राचा कागद ठेवायचा, ती रडत सही करते आणि दहा वर्षांनी तिची मुलं कोर्टात उभी राहतात, हे मी जवळून पाहिलंय. हक्कसोड घ्यायचाच तर सहा महिने थांबा, तिला काय मिळतंय ते ठरवा, ते द्या, आणि कागद रजिस्टर करा, साध्या कागदावरचा हक्कसोड जमिनीला चालत नाही. मुंबईच्या भावाचंही एक ऐका. तो सगळा हिस्सा सोडायला का कचरतो, तर सातबाऱ्यावरून नाव गेलं की शेतकरी असल्याचा पुरावा जातो, आणि महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एखाद्या छोट्या गटावर त्याचं नाव राहू द्या, बाकीचं तो आनंदाने सोडतो.

राहतं घर धंद्यापासून वेगळं ठेवा, गणपती कुठे बसणार आणि कौलांचा खर्च कोण करणार हेही लिहा.

टॅक्स वाचवायला ट्रस्ट करा म्हणणाऱ्याला विचारा, कुठला टॅक्स? माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारी इस्टेट ड्युटी 1985 सालीच गेली. घरात आयुष्यभर सांभाळावं लागणारं मूल असेल तर ट्रस्ट जरूर करा, नाहीतर गरज नाही. घर किंवा शेतजमीन मुला-नातवंडांना बक्षीसपत्राने दिली तर स्टँप ड्युटी 200 रुपये, वर स्थानिक अधिभार, म्हणून लोक सगळंच बक्षीस देऊन मोकळे होतात. आई-बाबा राहतात ते घर असं देऊ नका, मृत्युपत्र बदलता येतं, बक्षीसपत्र मागे घेणं फार कठीण. द्यायचंच असेल तर शेवटपर्यंत सांभाळायची अट त्याच कागदात लिहा, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार मग पक्का मिळतो.

मृत्युपत्र सोपं आहे. दोन साक्षीदार, दोघंही वडिलांपेक्षा तरुण आणि ज्यांना काही मिळणार नाही असे, त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, स्टँप लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करा. नॉमिनी लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका, नॉमिनी बहुतेक ठिकाणी मालक होत नाही, शेअर्सबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलंय.

फूड लायसन्स एकट्या वडिलांच्या नावावर असेल तर ते गेल्यावर वारसांना 90 दिवस मिळतात, तेवढ्यात ते बदलून घ्यावं लागतं. आणि मूळ मृत्युपत्र वडिलांच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला बँक वारसाचे कागद मागते आणि ते कागद आतच असतात.