शास्त्रीय गाण्यातलं ओ की ठो कळत नसताना पुण्यात एकट्याने मैफिलीला कसं जायचं

नोकरीला नाहीतर एमपीएससीच्या अभ्यासाला पुण्यात आलात, कॉट बेसिसवर राहताय, रूममेट शनिवारी गावाला पळतो आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. मी अकोल्याकडचा. बोलताना 'करून राहिलो' तोंडातून निघालं की ऑफिसात अजूनही कुणीतरी गालात हसतंच. लोक वाईट नाहीत पण त्यांची शाळा एक, क्लास एक, गणपती मंडळ एक, आणि आपण कायम मधूनच सिरीयल बघायला बसल्यासारखे. रविवारी संध्याकाळी हे जास्त टोचतं. तर त्या वेळेचं काय करायचं यावर मला सापडलेला उपाय म्हणजे गाणं ऐकायला जाणं. तिथे तीन तास माणसांमध्ये बसता येतं आणि कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही.

सुरुवात सवाईपासून करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरात असतो, आता मुकुंदनगरला होतो, मोठं प्रकरण आहे, आणि तिथे पहिल्यांदा एकटं गेलं की सगळं पुणं एकमेकांच्या ओळखीचं आहे आणि आपणच तेवढे उरलोय असं वाटतं. दिवाळी पहाटलाही एकटं जाऊ नका. गाणं चांगलं असतं पण आजूबाजूला सगळी नव्या कपड्यातली कुटुंबं, उटण्याचा वास, आणि आपल्याला घरची आठवण येऊन गाण्याकडे लक्षच लागत नाही.

सुरुवात करायची ती गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमांपासून. जुलैच्या आसपास गाण्याचे क्लासवाले छोटे हॉल घेतात, आधी विद्यार्थी गातात आणि शेवटी गुरू स्वतः बसतात. बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट, दारात कुणी काही विचारत नाही, फार तर 'तुम्ही कुणाचे' म्हणतील, 'ऐकायला आलोय' म्हणायचं, एवढ्याने लोक खूष होतात. याचा खरा फायदा वेगळाच आहे. लहान मुलं तेच तेच राग गातात, भूप, दुर्गा, यमन, परत भूप, दहा दहा मिनिटं, त्यामुळे दुपारपर्यंत भूप कानात बसलेला असतो. भूपात पाचच सूर, सा रे ग प ध, मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीतच. एखाद्या पोराने घाबरून चुकून निषाद लावला तर तुम्हाला नाव सांगता येणार नाही पण काहीतरी खटकेल. ते खटकलं म्हणजे कान चालू झाला असं समजा. आणि हो, मुलाचं गाणं झालं की त्याचे आईवडील व्हिडिओ बंद करून हळूच निघतात, त्यामुळे पुढच्या रांगा रिकाम्या होत जातात, तेव्हा पुढे सरकायचं.

जागा कुठली घ्यायची, तर जिथून तबलजीचे हात दिसतील ती. गायकाचा चेहरा नाही दिसला तरी चालेल. भारतीय बैठक असेल तर भिंतीचा किंवा खांबाचा टेकू बघून ठेवा, नाहीतर तासाभराने पायाला मुंग्या येतात आणि मग सगळं लक्ष पायात. चपला एका पिशवीत घालून जवळ ठेवा. पोटात काहीतरी टाकून जा, छोट्या मैफिलीत चहा मिळेलच असं नाही.

पडदा उघडला की पहिली काही मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल. तानपुरे जुळवतायत, तबलजी हातोडीने ठोकतोय, गायक माईकवाल्याला खुणा करतोय. नवीन माणूस इथे फोन काढतो. काढू नका. तानपुऱ्याला चार तारा असतात, पहिली बहुतेक वेळा पंचमाला म्हणजे प ला लावलेली, मधल्या दोन्ही षड्जाच्या म्हणजे सा च्या, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या सा ची, आणि त्या एकामागून एक छेडत राहतात. या वेळात तो सा डोक्यात पक्का बसवून घ्यायचा. पुढे गायक कुठेही गेला तरी परत तिथेच येणार असतो, आणि घर कुठे आहे हे ठाऊक असलं की तो किती लांब गेलाय ते कळायला लागतं.

आता सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा (मात्रा म्हणजे तालातला एक ठोका). तिथे लोक एकदम माना हलवतात, हात उचलतात, आणि आपण अर्धा सेकंद उशिरा हलवतो, हा जो परकेपणा आहे ना तो सगळ्यात वाईट. पण तो शिकण्यासारखा आहे. विलंबित म्हणजे संथ एकतालाच्या नादी सुरुवातीला लागू नका, बारा मात्रा असल्या तरी इतक्या संथ असतात की मोजता मोजता डुलकी लागते. द्रुत म्हणजे जलद बंदिश सुरू होऊ द्या, ती बऱ्याचदा तीनतालात असते, सोळा मात्रा. अंगठा सोडून चार बोटं घ्या, प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि एक टोक, म्हणजे चार चोक सोळा. अंगठ्याने मोजत जायचं, करंगळीपासून सुरू करा. तिसऱ्या बोटावर आलात, म्हणजे नवव्या मात्रेच्या आसपास, की डग्ग्याचा (तबलजीच्या डाव्या हाताकडच्या मोठ्या वाद्याचा) घुमारा गायब होतो, नुसता वरचा तबला टणटण ऐकू येतो, आणि चौदाव्याच्या सुमाराला घुमारा परत येतो. तो परत आला की समजायचं सम जवळ आली, आता तीनच मात्रा. मांडीवर हात ठेवून करा, कुणाला दिसत नाही. पहिल्या दिवशी चुकेल, चुकू द्या, गायक बंदिशीचा मुखडा म्हणजे सुरुवातीची ओळ पुन्हा पुन्हा घेतो तेव्हा परत पकडता येतं. एकदा का तुम्ही आणि अख्खा हॉल एकाच क्षणी समेवर आलात की जे वाटतं ते लिहून सांगता येत नाही बुवा.

मला हे जरा लवकर जमलं त्याचं कारण गावाकडचं भजन. आमच्याकडे तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर होतात, आणि तिथे ऐकणारा असा कुणी नसतोच, सगळे टाळ्या देतात, लहान पोरगंही ठेका सोडत नाही. पुण्यात आल्यावर वर्षभर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, भजन म्हटलं की लोक 'अच्छा' म्हणून विषय बदलतात म्हणून. तुमच्याकडे जे असेल, गोंधळ, वारीतले अभंग, लावणी, कव्वाली, ते घेऊनच हॉलमध्ये जा. कान कोरा करून जायची गरज नाही.

दाद कधी द्यायची? आली तर द्या. शेजारच्याने 'क्या बात है' म्हटलं म्हणून आपणही म्हणायचं हे चार लोकांत उगाच उघडं पडतं. गप्प बसणाऱ्याकडे मैफिलीत कुणीही वाईट नजरेने बघत नाही. गाणं चालू असताना राग कुठला ते शोधायला मोबाईल काढला तर मात्र बघतात, आणि बरोबरच आहे. त्याऐवजी मध्यंतरात शेजारच्या काकांना विचारा, 'काका, आत्ता कुठला राग झाला?' हा प्रश्न विचारायला आपण मुळात कुठले, काय करतो, काहीच सांगावं लागत नाही, आणि काका एवढं सांगतात की मध्यंतर पुरत नाही. मारवा आणि पूरियातला फरक मला असाच एका काकांनी बटाटेवडा खात समजावलाय, सूर तेच, पण मारव्यात रिषभ-धैवतावर (रे-ध) जोर आणि पूरियात गंधार-निषादावर (ग-नी). पटकन डोक्यात शिरलं नाही, हळूहळू शिरलं. काही काका अर्थात 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' वर गाडी नेतात, तेव्हा चहा आणतो म्हणून उठायचं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्या सवाईला जाऊन आपण बाहेरचे वाटतो ना, तो १९५३ साली सुरू करणारे भीमसेन जोशी मूळचे पुण्याचे नव्हेतच. गदगकडचे, मातृभाषा कानडी, अकराव्या वर्षी गाण्यासाठी घरातून पळाले, ग्वाल्हेर, जालंधर असं भटकले आणि शेवटी गुरू मिळाले ते घराजवळच्याच कुंदगोळला, सवाई गंधर्व. दुसरे मोठे गायक कुमार गंधर्व बेळगावकडचे, मुंबईत शिकले, १९४८ च्या सुमाराला क्षयामुळे मध्य प्रदेशातल्या देवासला गेले, गाणं बंद होतं, तेव्हा अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीतं कानावर पडत होती आणि पुढे तीच त्यांच्या गाण्यात उतरली. याने आपला रविवार सोपा होतो असं मी म्हणत नाही, ते भीमसेन होते, आपल्याला सोमवारी स्टँडअप मीटिंग आहे. पण हॉलमध्ये कोण आतलं आणि कोण बाहेरचं याचा विचार मी तेव्हापासून कमी करतो.

कंटाळा आला तर उठून जा, जबरदस्ती नाही, फक्त राग संपून टाळ्या चालू असताना उठा, मधूनच नको. भैरवी (शेवटी गायचा राग) सुरू झाली म्हणजे कार्यक्रम संपत आला, ती मात्र पूर्ण ऐका, बऱ्याचदा सगळ्यात आपलीशी वाटणारी चीज तीच असते. लाऊडस्पीकरच्या नियमामुळे उघड्यावरचे कार्यक्रम साधारण दहापर्यंत आटपतात, तरी शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा, रिक्षावाला रात्री काय सांगेल त्याचा नेम नाही. आणि निघताना दाराजवळ पुढच्या कार्यक्रमांची पत्रकं चिकटवलेली असतात त्यांचा फोटो काढून घ्या, छोटे कार्यक्रम नेटवर शोधून सापडत नाहीत, ते तिथेच कळतात.