जुनी बार्बी ओळखायची कशी, किंमत लावायची कशी

बाहुलीच्या कमरेमागे '१९६६' कोरलेलं दिसलं की विकणारा 'साठ वर्षं जुनी' म्हणतो. फसू नका. ते साच्याच्या कॉपीराइटचं साल आहे; तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं नव्या बाहुल्यांवरही उमटत राहिला. आधी देशाचं नाव वाचा. १९५९च्या पहिल्या बाहुल्या जपानच्या. मलेशिया, इंडोनेशिया किंवा चीन असेल तर माल बराच नंतरचा. मग मान हलकेच वाकवून डोक्याच्या मागच्या कडेवरचं साल बघा. तिथे १९७६ असेल तर बाहुली त्याआधीची असूच शकत नाही, कमरेवर काहीही असो.

अगदी पहिली आवृत्ती तळपायावरून कळते: दोन्ही पायांना भोकं, आत तांब्याची नळी. बुबुळं पांढरी, भुवया टोकदार. तिचं प्लास्टिक कालांतराने हस्तिदंती, फिकट पडतं. तो दोष नव्हे, उलट खूणच.

किंमत पाडणारा खरा शत्रू म्हणजे हिरवा कान. कानातल्याची धातूची काडी गंजते आणि हिरवा डाग प्लास्टिकमध्ये खोल मुरतो. घासून तो जात नाही, वरचा रंग मात्र उडतो. म्हणून कानातली काढून वेगळ्या पुडीत ठेवा. कापलेले केस, चावलेली बोटं, पुन्हा रंगवलेले ओठ यांनीही भाव बराच उतरतो.

भाव ठरवताना मागितलेल्या नव्हे, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघा. तशीच आवृत्ती, तशीच अवस्था. मूळ पोहण्याचा पोशाख आणि जोडे सोबत असतील तर त्यांचा हिशोब वेगळा मांडा.