पात्राची रोजनिशी लिहून घेताना

मुलांना गोष्टीतल्या एखाद्या पात्राची रोजनिशी लिहायला सांगितली की बहुतेकदा गोष्टीचा सारांशच हाती येतो, फक्त 'तो'च्या जागी 'मी' घातलेला. कारण मुलं अख्खी गोष्ट घेऊन बसतात. म्हणून आधी एकच प्रसंग ठरवा. पात्र कधी लिहितंय, तेही ठरवा: त्याच रात्री, की दोन दिवसांनी? हरवलेलं कुत्रं उद्या सापडणार आहे, हे आज रडणाऱ्या मुलीला ठाऊक नसतं. इथे मुलं हमखास चुकतात.

आराखड्याला 10 मिनिटं पुरतात. कागदाचे चार रकाने करा: काय घडलं, काय वाटलं, कुणालाच काय सांगितलं नाही, उद्याचं काय. प्रत्येकात तीन-चार शब्दच. पूर्ण वाक्यं लिहिली की मुलं तीच पुढे उतरवून काढतात. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर लिहायला बसवू नका. एका मुलाला पात्र करून खुर्चीवर बसवा, बाकीच्यांनी पाच मिनिटं प्रश्न विचारावेत. लपवलेली गोष्ट बाहेर येते, शिवाय पात्राची बोलण्याची ढबही सापडते.

'खूप वाईट वाटलं' असं आलं, की विचारा: म्हणजे नेमकं काय झालं? मग 'घास गिळवेना' यासारखं काही सुचतं.

घडलेलं भूतकाळात आणि लिहितानाची भावना वर्तमानकाळात येणारच; त्यावर लाल रेघ ओढू नका. 'माझे नाव अमुक' ही सुरुवात मात्र खोडायला लावा. स्वतःच्याच वहीला कोण ओळख करून देतं?