स्वस्त जुनी गाडी घेताना टोकन देण्यापूर्वी या चुका टाळा

बाजारात साडेचार लाखांना जाणारी गाडी कोणी अडीच लाखांना देऊ लागला, की सोबत कारणही येते: बदली झाली आहे, पैशांची तातडीची गरज आहे. ते खरे असू शकते, परंतु तेवढ्यावर विसंबून टोकन देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आपल्याकडे या स्वस्ताईमागे पुराचे पाणी आहे का, हे प्रथम तपासावे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत, ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळुणात असंख्य गाड्या बुडाल्या. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशी, ठरवलेली गाडी भंगाराच्या भावात घेऊन, धुऊन-वाळवून, दूरच्या जिल्ह्यात विकणारे लोक असतात.

रंग पाहून आणि दोन किलोमीटर चालवून गाडी पसंत करणे ही दुसरी चूक. पाण्यात गेलेली गाडी सुरुवातीला उत्तम चालते, कारण वायरिंगच्या जोडांवर गंज चढायला काही महिने लागतात आणि त्यानंतर एकेक बिघाड असा सुरू होतो की मेकॅनिकलाही त्याचे मूळ सापडत नाही. एका नातेवाइकासाठी मी पाहिलेल्या गाडीत सीट कव्हर नवे, मॅटिंग नवे आणि परफ्यूमचा वास उग्र होता. चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तेव्हा एरवी आत गुंडाळलेल्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची आडवी रेषा दिसली आणि बोटांना बारीक गाळ लागला. व्यवहार तिथेच थांबला. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, म्हणून प्रत्येकाने ती करावीच. त्याचबरोबर सीटखालच्या रुळांवरचा गंज, डिकीत स्टेपनीच्या खाचेतला चिखल आणि हेडलाइटच्या काचेआड साठलेली वाफही पाहावी.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, डॅशबोर्डवरचे एअरबॅग आणि एबीएसचे (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) दिवे क्षणभर पेटून विझले पाहिजेत. एअरबॅग असलेल्या गाडीत तो दिवा पेटतच नसेल, तर बिघाड लपवण्यासाठी तो मुद्दाम बंद केलेला असण्याची दाट शक्यता असते.

मीटरवरचा आकडा खरा मानू नये. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी मिळवण्याचा प्रयत्न करावा. तीन वर्षांपूर्वी 78,000 किलोमीटरची नोंद असलेली गाडी आज 52,000 दाखवत असेल, तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. विम्याची जुनी पॉलिसीही मागावी, कारण नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एकाएकी शून्यावर आला असेल तर आदल्या वर्षी दावा झाला होता का, हे विचारता येते.

कागदपत्रांत बहुतेकांची फसगत होते ती कर्जाच्या बोज्यामुळे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचे हायपोथिकेशन, म्हणजे गाडी कर्जापोटी तारण असल्याची नोंद, असताना ‘कर्ज फिटले आहे, फक्त एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) यायची आहे’ या शब्दावर पूर्ण रक्कम देऊ नये. बँकेची एनओसी आणि बँकेने सही केलेला फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा अर्ज) हाती आल्याखेरीज तो बोजा उतरत नाही. कर्ज बाकीच असेल, तर विक्रेत्यासह बँकेत जावे, बाकी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि पावती घ्यावी. परराज्यातल्या गाडीसाठी तिथल्या आरटीओची एनओसी लागते, आणि गाडी इथे 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असल्यास नव्याने नोंदणी करून महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. हा खर्च धरला की स्वस्ताई बरीच ओसरते. थकलेली ई-चलने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून पाहता येतात.

आपण लष्करात आहोत, गाडी छावणीत आहे, आधी वाहतुकीचे पैसे पाठवा, असे फोनवर सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

शेवटची चूक व्यवहार झाल्यानंतरची असते. मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन ते कपाटात ठेवले जातात, आणि गाडी महिनोन्‌महिने जुन्या मालकाच्याच नावावर राहते. कायद्याने खरेदीदाराने 30 दिवसांत आरटीओकडे हस्तांतरणाची नोंद करायची असते. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा, कारण अपघातात आपल्याच गाडीचे नुकसान झाले आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असली, तर दावा अडकतो.