गोधडी पेटीतच का राहते? या चुका टाळा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने दरवर्षी गावातल्या दहा-बारा घरांत जाणे होते, आणि त्यांपैकी निम्म्या घरांत तरी पलंगाखालची पेटी ओढून एखादी अर्धवट गोधडी किंवा चार बोटे विणून सोडलेले तोरण माझ्यापुढे ठेवले जाते. त्यासोबत येणारे वाक्यही ठरलेले असते : "काकू, वेळच भेटत नाही जी." वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी तीस वर्षांपासून गोधड्या शिवते, क्रोशाची तोरणे विणते आणि बचत गटातल्या मुलींना हेच शिकवते. वेळ मिळत नाही हे कारण मला अजूनही पटलेले नाही. ज्या घरात सोयाबीन आहे, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आहे, दोन ढोरे, शाळेत जाणारी मुले आणि म्हातारी माणसे आहेत, त्या घरात रिकामा वेळ कोणत्याच बाईला मिळत नाही. ज्यांच्या गोधड्या पूर्ण होतात त्यांनाही मिळत नाही. काम अडते ते दुसऱ्याच काही चुकांपायी, आणि त्या चुका इतक्या ठरावीक आहेत की पेटी उघडण्यापूर्वीच मला आत काय असेल ते कळते.

आवरता न येणारे काम मांडून बसणे

ही सगळ्यांत मोठी चूक असून ती मी स्वतः केलेली आहे. लग्नाला तीन-चार वर्षे झाली होती आणि भावजयीच्या बाळंतपणाआधी एक मोठी गोधडी पूर्ण करायची, असे मी मनाशी ठरवले होते. सासूबाईंची दोन जुनी लुगडी वर-खाली आणि आत मामंजींचे विरलेले धोतर, असे थर मी ओसरीवर अंथरले आणि कच्चे टाके न घालताच एका कडेने पक्की शिवण सुरू केली, कारण कच्चे टाके घालण्यात अख्खी दुपार जाते आणि शेवटी ते उसवायचेच असतात, तेव्हा ती दुपार वाया जाते, असे मला त्या वयात वाटत असे. दिवस दसऱ्याच्या आगेमागेचे होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आले. सोंगलेले सोयाबीन वावरात पडलेले होते, मळणी यंत्र कसेबसे रात्री आठला मिळाले, आणि साडेदहाच्या सुमारास माणसे डोक्यावर पोती घेऊन ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. पोती ठेवायला जागा कोठे होती? ओसरीभर माझी गोधडी पसरलेली. "उचल ना वं ते आधी!" असे मामंजी ओरडले, आणि मी ती चारही बाजूंनी ओढून, गोळा करून, सुईसकट आतल्या खोलीत नेऊन टाकली.

त्यानंतर तिच्याकडे पाहायला मला पंधरा-सोळा दिवस लागले. उघडली तेव्हा आतले धोतर एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले होते, दोन थरांच्या मध्ये सोयाबीनचे कुटार, म्हणजे भुसा, शिरले होते, आणि जेथे सुई टोचून राहिली होती तेथे गंजाचा तपकिरी डाग पडलेला होता. शिवलेल्या बावीस ओळी मी उसवल्या. त्या उसवून होईपर्यंत भावजयीचे बाळ पालथे पडू लागले होते.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की, कच्चे टाके पूर्ण झाल्याशिवाय गोधडीला पक्क्या शिवणीची सुई लावायची नाही, आणि कच्चे टाके एकाच बैठकीत घालायचे. त्यासाठी सगळे वावरात गेलेले असतील आणि स्वयंपाक उरकलेला असेल असा एक दिवस मी निवडते. थर जमिनीवर ताणून, कडांवर वरवंटा, पाटा, भरलेले तांबे असे जे जड सापडेल ते ठेवते, मध्यापासून चार कोपऱ्यांकडे टाके नेते आणि मग वीतभर अंतराने आडवे-उभे टाके घालते. एवढे झाले की थर हलत नाहीत. त्यानंतर गोधडी गुंडाळून खुंटीवर टांगा, पोत्यांवर ठेवा किंवा अर्ध्या ओळीवर सोडून गाईची धार काढायला जा, तिचे काही बिघडत नाही. चुलीवरचा चहा उकळेपर्यंत जे काम आवरून ठेवता येत नाही, ते हंगामात बाहेर काढायचेच नाही, हा माझ्या घरचा नियम आहे. सुई मात्र कापडात कधीही ठेवू नये. माझ्याकडे कामाच्या पाच सुया आहेत, त्या एका डबीत राहतात आणि रात्री मोजल्याशिवाय मी दिवा मालवत नाही, कारण घरात रांगणारे मूल असताना चार सुया सापडणे आणि पाचवी न सापडणे याचा अर्थ प्रत्येक आईला कळतो. गंजाचा डाग पडलाच तर त्यावर लिंबू आणि मीठ चोळून कापड उन्हात ठेवावे. डाग ताजा असेल तर बराचसा निघतो, जुना निघत नाही.

वावराकडे न पाहता शब्द देणे

थंडी सुरू झाली की गोधडीची आठवण होते आणि लोक कार्तिकात सांगायला येतात. नव्या मुली आनंदाने हो म्हणतात. कार्तिकात आपल्याकडे कापसाची वेचणी चालू असते, बाई सकाळी आठला वावरात गेली की ओटीला कापूस बांधूनच परतते, आणि बोंडांच्या टोकांनी ओरखडलेल्या बोटांत संध्याकाळी सुई धरवत नाही, हे त्यांना माहीत नसते असे नाही. पण हो म्हणताना ते आठवत नाही.

मृगात पेरणी, आषाढ-श्रावणात निंदण, भाद्रपदात महालक्ष्म्या, मग भुलाबाईच्या दिवसांत सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून वेचणी आणि त्यातच मध्ये तूर, असे आपले वर्ष असते. तूर घरात आली की संक्रांतीपासून होळीपर्यंत जो हात मोकळा होतो तोच मोठ्या कामाचा काळ आहे, कारण होळीनंतर पापड, कुरड्या आणि शेवया सुरू होतात आणि त्यांच्यामागोमाग लग्ने. म्हणून थंडीत पांघरायची गोधडी आधीच्या माघ-फाल्गुनातच शिवून ठेवावी लागते. पावसाळ्यात मी गोधडी उघडत नाही. थर दमट राहतात आणि वास धरतात. त्या दिवसांत मांडीवर मावेल असे काम ठेवते, म्हणजे क्रोशाचे तोरण, रुमालाची किनार, झालर.

कोणी तारीख मागितली तर मी आधी भिंतीवरचे कॅलेंडर काढते आणि मनात आलेल्या तारखेत एक महिना मिळवून सांगते. समोरच्या बाईचे तोंड पडते. तारीख उलटून गेल्यावर पडते त्यापेक्षा ते कमीच पडते.

वेळ मिळेल तेव्हा करीन, असे म्हणणे

या बाबतीत आमच्या जिल्ह्याला एक चांगला धडा घरातच मिळालेला आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले आणि पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले, हे येथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु सूतकताईचा त्यांचा आग्रह मापाचा होता, याकडे फारसे कोणी पाहत नाही. काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सूत, अशी अट १९२४ च्या अखेरीस बेळगावच्या अधिवेशनात मान्य झाली होती. ती फार काळ टिकली नाही, ती गोष्ट वेगळी. मला तिच्यातला हिशेब आवडतो : रोजचे साधारण पासष्ट ते सत्तर वार, मग तो दिवस कसाही जावो.

गोधडीचा हिशेब असाच मांडता येतो. पाच फूट रुंदीच्या गोधडीत बोटभर अंतराने ओळी घातल्या तर सुमारे ७५ ओळी होतात. माझ्या हाताने एका ओळीला २० मिनिटे लागतात, म्हणजे एकूण २५ तास. रोज अर्धा तास दिला तर ५० दिवस, आणि संक्रांत ते होळी यांच्यात बहुतेक वर्षी एवढे दिवस निघतात. हा हिशेब मी मुलींना मांडून दाखवला की त्या गप्प होतात, कारण त्यांना मोबाईलवरच्या दहा मिनिटांच्या चित्रफितीत अख्खी गोधडी झालेली पाहण्याची सवय लागलेली असते. त्यातल्या एकीने मला विचारले होते, "काकू, दोन दिवसांत होईन असं काही नाही का जी?" आहे. बाळाचे दुपटे आहे. पण दुपट्याने सुरुवात करायची कोणाची तयारी नसते. पहिल्याच खेपेला दुहेरी पलंगाची गोधडी हवी असते आणि तीही नक्षीची.

माझा अर्धा तास दुपारी अडीचचा, ओसरीवर, उजेडात. तो चुकला तर रात्री भरून काढत नाही, दुसऱ्या दिवशी एक तासही बसत नाही.

सगळे झोपल्यावर चोरून काम करणे

सुना हे का करतात ते मला कळते. दिवसा सुई घेऊन बसले की "बसून राहिली" असे कोणीतरी म्हणते. पण रात्री अकराला, तेही भारनियमन नसेल तर, एका बल्बखाली गडद निळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने घातलेले टाके सकाळी पाहावत नाहीत आणि उसवण्यात दुसरी रात्र जाते. त्याहून वाईट म्हणजे, जे काम घरात कोणी पाहिलेलेच नसते त्याला कष्ट पडतात हेही कोणाला कळत नाही; गोधडी आपोआप झाली असे घरच्यांना वाटते आणि पुढल्या वेळी नणंदेच्या रुखवतासाठी तीन तोरणे परस्पर कबूल करून टाकली जातात.

काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर करावे आणि त्यातला एखादा तुकडा घरच्यांना द्यावा. "मला मदत करा" असे म्हटल्याने कोणीही उठत नाही. माझा नातू शाळेत जाण्याआधी पाचही सुयांत दोरा ओवून ठेवतो, कारण त्याचे डोळे चांगले आहेत आणि माझे आता तसे राहिलेले नाहीत. सासूबाई होत्या तोवर कोणत्या लुगड्याचा कपडा किती टिकेल हे हाताने चाचपून त्याच सांगत. ज्या दिवशी त्यांचे एक लुगडे मी त्यांना न विचारता फाडले, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. नऊवारीत सव्वाआठ मीटर कापड निघते आणि चार थर होतात, एवढाच विचार मी केला होता. ते त्यांना माहेरून आलेले होते, हे मला माहीत नव्हते. जुने कापड फाडण्यापूर्वी विचारून घ्यावे.

बारीकसारीक, पण महागात पडणाऱ्या

लाल आणि जांभळे नवे कापड न तपासता जुन्या पांढऱ्या धोतराशेजारी लावू नये. ओल्या पांढऱ्या चिंधीखाली ठेवून त्यावर गरम इस्त्री दाबली की रंग जातो की नाही ते दोन मिनिटांत कळते.

सुती लुगड्याला टेरिकॉटचे ठिगळ जोडू नये. सुती आटते, टेरिकॉट आटत नाही, आणि पहिल्या धुण्यात गोधडीला बोळे पडतात.

तोरणाची लोकर एकाच वेळी पूर्ण घ्यावी. वेष्टनावरचा लॉट क्रमांक बदलला की तोच हिरवा दुसरा हिरवा होतो, आणि आठवडी बाजारातला दुकानदार "सेम हाय" असे शपथेवर सांगतो.

हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तेव्हा घाबरून घासत सुटू नये. धुऊन उन्हात टाकावा. आपल्याकडचे ऊन त्याला दोन-तीन दिवसांत फिके करते.

ग्लू गन. रुखवताच्या वस्तूंना टाके घालण्याऐवजी मणी आणि आरसे चिकटवून मोकळे व्हायची जी पद्धत पडली आहे, तिच्याविषयी मी एवढेच सांगेन की आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, लग्ने त्याच महिन्यात असतात, आणि रुखवत टिनाच्या पेटीत भरून टेम्पोतून जाते. एका लग्नात पेटी उघडली तेव्हा मणी तळाशी आणि कापड वर, असे दृश्य मी पाहिलेले आहे. नवरीची आई माझ्याकडे पाहत होती, जणू ते मी केले होते.

किंमत सांगताना फक्त दोऱ्या-कापडाचे पैसे धरू नयेत. निंदणाला गेले असते तर अर्ध्या दिवसाची जी मजुरी मिळाली असती, ती तासांनी भागून मी लावते. त्यावर घासाघीस करणाऱ्याला मी सुई देऊन एक ओळ घालायला सांगते.

पेटीत आधीच पडून असलेल्या गोधडीचे काय करावे

आधी ती उन्हात झटकावी आणि कापड दोन्ही हातांनी हलके ताणून पाहावे. कापड शाबूत असेल आणि थर सरकलेले नसतील तर जेथे सोडली तेथूनच पुढे न्यावी. जुन्या आणि नव्या टाक्यांत फरक दिसेल, तो दिसू द्यावा. थर सरकले असतील तर सगळे उसवण्याचा हट्ट धरू नये. शिवलेला जेवढा भाग चांगला आहे तेवढा चौकोनी कापून घ्यावा, चारही बाजूंना जुन्या साडीच्या काठाची पट्टी लावावी आणि त्याचे दुपटे करावे. माझ्या त्या पहिल्या गोधडीचेही शेवटी मी तसेच केले. ते भावजयीच्या दुसऱ्या बाळाला गेले. कोपऱ्यातला गंजाचा डाग पट्टीखाली झाकला होता, पण पट्टी दोन बोटे कमी पडल्याने तो अर्धा दिसतच राहिला.