तोंडी कामं लेखी केली, तेव्हा जीव भांड्यात पडला

हिंजवडीच्या ऑफिसात साहेब रात्री साडेदहाला फोनवर काम सांगायचे आणि सकाळी सगळ्यांसमोर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणून झापायचे. वर्षभर सोसलं. एकदा वाकडला सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजत होते, तरी गाडी पुढे घ्यायला हात उठेना. तेव्हा घाबरलो.

मग प्रत्येक फोननंतर दोन ओळींचा ईमेल: 'आपण सांगितल्याप्रमाणे हे काम उद्या दुपारपर्यंत देतो.' येण्याजाण्याच्या वेळा वहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर आहे. वही घेऊन एचआरकडे गेलो. रात्रीचे फोन थांबले. साहेब मात्र तसेच. म्हणून टीम बदलून घेतली. आता रात्री आईबरोबर गरम भाकरी खातो.