जुन्या संगणकाचे नेटवर्क कार्ड बंद पडल्यास काय तपासावे

जुन्या संगणकाचे नेटवर्क बंद झाले की पहिला संशय नेटवर्क कार्डावर, म्हणजे संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागावर जातो. परंतु नवे कार्ड आणण्याआधी दोष केबलमध्ये, स्लॉटमध्ये (कार्ड बसवण्याच्या खाचेत) की ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे, हे पाहावे. सुरुवात केबलच्या पोर्टजवळील लहान दिव्यापासून करावी.

केबल जोडूनही तो दिवा लागत नसेल, तर खात्रीची दुसरी केबल आणि राउटरचे दुसरे पोर्ट वापरून पाहावे. गिगाबिट वेगासाठी केबलमधील आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला मात्र चारच पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटलेली केबल जुन्या १०० मेगाबिट कार्डावर व्यवस्थित चालू शकते आणि नव्या गिगाबिट कार्डावर रडते; अर्थात तुटलेली तार त्या चारांपैकी नसेल तरच.

केबल निर्दोष ठरल्यास संगणक बंद करून वीजजोडणी काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत घालवावी आणि कार्ड बाहेर काढावे. त्याच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावर ते शक्यतो दुसऱ्या स्लॉटमध्ये घट्ट बसवावे. अनेक जुन्या यंत्रांचा आजार एवढ्यावरच बरा होतो.

वेगळे कार्ड नसून नेटवर्क मदरबोर्डवरच (संगणकाच्या मुख्य पट्टीवरच) असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ते बंद झालेले नाही ना, हे पाहावे. संगणकाची तारीख वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी संपली असण्याची शक्यता मोठी असते, आणि तिच्याबरोबर बायोसची सेटिंगही पुसली जाते.

यानंतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरकडे, म्हणजे संगणकातील भागांच्या यादीकडे वळावे. कार्ड पिवळ्या खुणेसह दिसत असेल, तर त्याच्या हार्डवेअर आयडीवरून (निर्माता आणि मॉडेल सांगणाऱ्या सांकेतिक क्रमांकावरून) ड्रायव्हर शोधावा. उदाहरणार्थ, व्हेंडर (निर्माता) १०ईसी आणि डिव्हाइस ८१३९ म्हणजे रियलटेकचे ८१३९ मालिकेतील कार्ड. संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या, बहुधा राउटरमधल्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. दोष राउटरचाही असू शकतो. १२७.०.०.१ या संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्याला पिंग करून (उत्तर येते का, हे तपासून) मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये, कारण ती चाचणी कार्डापर्यंत पोहोचतच नाही.

तरीही निर्णय होत नसेल, तर सीडी किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी प्रणाली चालवून पाहावी. तेथे नेटवर्क चालले, तर विंडोजचा ड्रायव्हर किंवा सेटिंग दुरुस्त करावे. तेथेही कार्ड यादीत आले नाही आणि दुसऱ्या संगणकातही ओळखले गेले नाही, तरच ते बदलावे.